मदतीचे लाल बटण

हायस्कूलच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, एक अरुंद खोली आहे. तिथे पूर्वी खेळाच्या सरांचे हवा गेलेले चेंडू राहत असत. त्यांना बाहेर काढून तिथे प्लगबाईंना बसवण्यात आले. दारावर 'तंत्रज्ञान मार्गदर्शिका' अशी पाटी आहे, पण एवढी पाटी पूर्ण वाचण्याइतका रिकामा वेळ शाळेत कोणालाच नसतो. शिवाय 'प्लगबाई' हे नाव बाईंनी स्वतःच ओढवून घेतले होते. कोणत्याही वर्गातून "बाई, बंद पडलं!" असा टाहो आला, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "प्लग लावलाय का?" आणि बहुतेक वेळा तो लावलेला नसे.

बाईंचे काम मुलांना शिकवण्याचे नव्हते. मुलांना सगळेच येत होते, येऊ नये तेसुद्धा. बाईंचे काम होते शिक्षकांना शिकवण्याचे. ज्या माणसांनी जन्मभर दुसऱ्यांना "लक्ष कुठे आहे तुझं?" असे विचारले, त्यांना "सर, लक्ष इकडे" असे म्हणायचे, आणि तेही त्यांच्या मानाला धक्का न लावता. दात काढणाऱ्या डॉक्टरला जेवढे गोड बोलावे लागते, त्याच्या दुप्पट गोड बोलावे लागे.

त्यात बाईंचा एक नियम होता. त्या यंत्राला स्वतः हात लावत नसत. वर्गात आल्या की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहत आणि म्हणत, "हात तुमचा. मी दाबलं तर ते मलाच येईल, आणि मला ते येतंच." खेळाचे सर एकदा अगदी काकुळतीला येऊन म्हणाले होते, "बाई, एकदाच दाबा ना. कोणी बघत नाहीये." पण बाईंचे हात काही पुढे आले नाहीत. शेवटी सरांनीच घाम पुसत बटण दाबले, पडद्यावर चित्र आले, आणि सरांनी गोल झाल्यासारखी आरोळी ठोकली.

गणिताच्या बाईंचीही तीच गत. सुरुवातीला त्या माउस असा धरायच्या, जसे काही ते तापलेले भांडे आहे आणि फडके सापडत नाहीये. आता त्याच बाई डिजिटल फळ्यावर त्रिकोण गरगर फिरवत आणि तो उलटा करून मुलांना विचारत, "बघा, काय बदललं? काही नाही बदललं!"

वर्गावर्गातल्या संगणकाच्या पडद्यावर, कोपऱ्यात, एक लाल बटण होते. त्यावर लिहिले होते, 'मदत हवी'. ते दाबले की प्लगबाईंच्या खोलीत घंटा वाजे आणि मुख्याध्यापिकांच्या पडद्यावरचा एक आलेख टिचभर वर सरके. पहिल्या वर्षी ती घंटा अग्निशमन केंद्रासारखी वाजत होती. पुढे पुढे ती कमी झाली. आता तर खोलीत इतकी शांतता असे, की पंख्याचे कोणते पाते कुरकुरते आहे तेही बाईंना ओळखू येऊ लागले होते. बाई खूश होत्या. आपण काम चोख केले, असे त्यांना वाटत होते.

तो समज मुख्याध्यापिकांनी सोमवारी दूर केला. शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणत असे.

"बसा," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी पडदा वळवला. "हे काय आहे?"

"आलेख."

"कुठे चाललाय?"

"खाली," प्लगबाई म्हणाल्या, आणि अभिमानाने हसल्या.

"हसू नका. संस्थेच्या कचेरीतल्या साहेबांनाही हाच दिसतो. त्यांचं म्हणणं, या बाईंना कोणी बोलावतच नाही, तर दिवसभर त्या करतात काय?"

"बोलावत नाहीत, कारण सगळ्यांना येतंय आता."

"ते मला कळतं हो. आलेखाला नाही कळत." मोठ्या बाईंनी सुस्कारा टाकला. "साहेब गुरुवारी येतायत. वर्ग बघणार, आणि तुमची जागा ठेवायची की बंद करायची ते इथेच ठरवून जाणार. बंद झाली तर तुम्हाला कचेरीच्या भांडारात घेतील म्हणे."

"भांडारात काय करायचं?"

"प्रिंटरची शाई सांभाळायची."

प्लगबाई बाहेर आल्या तेव्हा व्हरांड्यात गणिताच्या बाई उभ्या होत्या. त्या तिथे योगायोगानेच उभ्या असत. मोठ्या बाईंचे दार बंद झाले की त्यांचे बहुतेक योगायोग तिथेच घडत. प्लगबाईंनी त्यांना सगळे सांगून टाकले. शाई, भांडार आणि खाली जाणारा आलेख.

"हं," गणिताच्या बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत, अवघड उदाहरण एका ओळीत सुटताना दिसते ती चमक आली. "म्हणजे आलेख वर गेला पाहिजे."

"तसं नाही हो. साहेबांसमोर सगळ्यांनी छान करून दाखवलं पाहिजे, म्हणजे झालं."

"हो हो, ते तर आहेच," असे गणिताच्या बाई म्हणाल्या. पण पहिलीतल्या मुलाने मोठेपणी विमान चालवणार असे सांगितल्यावर आपण म्हणतो तसे म्हणाल्या, आणि लगबगीने स्टाफरूमकडे गेल्या.

त्या संध्याकाळी प्लगबाई घरी पोचल्या, तर आतून सासूबाईंचा आवाज येत होता. सासूबाई फोनवर आपल्या बहिणीला झापत होत्या.

"अगं, वरचे तीन ठिपके दाब! मग खाली 'पाठवा'. हां. आता माझा फोटो आडवा दिसतोय? मग फिरव की त्याला! एवढं सोप्पं आहे, आणि तू घाबरतेस कसली?"

प्लगबाईंनी मुद्दाम चप्पल जरा जोरात काढली. आतला फोन घाईघाईने बंद झाला. मग कण्हल्यासारखा आवाज आला, "सूनबाई, आलीस का गं? हा मेला परत रुसला बघ. ते तीन ठिपके कुठे गेले कोण जाणे."

प्लगबाई शेजारी बसल्या आणि सवयीने हात मागे बांधले. सासूबाईंनी आधी चष्मा शोधला. तो डोक्यावर होता. मग त्यांचे बोट सरळ, न चुकता, तीन ठिपक्यांवर गेले, आणि तिथे पोचल्यावर काहीतरी आठवल्यासारखे अलगद बाजूला सरकले.

"सापडत नाहीत गं," सासूबाई म्हणाल्या. "तू बस जरा अशीच. दिवसभर घरात बोलायला कोणी नसतं."

ते बोट प्लगबाईंनी पाहून ठेवले. ठिपके सापडेपर्यंत बसून राहिल्या आणि शाळेतल्या गोष्टी सांगत राहिल्या. फक्त शाईची गोष्ट सांगितली नाही.

आता एका माणसाची ओळख करून द्यायला हवी. इतिहासाचे सर शाळेतले सगळ्यांत जुने शिक्षक. हातात सदैव खडू, म्हणून मुलांनी त्यांचे नाव खडूसर ठेवले होते. डिजिटल फळे आले तेव्हा त्यांनी स्टाफरूममध्ये उभे राहून जाहीर केले होते, "या हातात खडूशिवाय दुसरं काही येणार नाही. राजे आले, राजे गेले, खडू राहिला." त्यांच्या वर्गातल्या डिजिटल फळ्यावर त्यांनी एक मोठा कापडी नकाशा टांगला आणि विषय संपवला. इतर शिक्षक घंटा वाजवून वाजवून थकले, की त्यांच्याकडे बघून त्यांना धीर येई. निदान एक तरी माणूस अजून वाकलेला नाही, असे वाटे.

प्लगबाई सोडून ही गोष्ट कोणालाच माहीत नव्हती, की तो माणूस दोन वर्षांपूर्वीच वाकला होता.

झाले असे की एकदा लढाई शिकवताना खडूसरांनी फळ्यावर घोडदळ काढले, ते खिंडीतून न्यायचे म्हणून पुसले, पुढे काढले, पुन्हा पुसले, आणि चौथ्या वेळी खोकत खाली बसले. त्या दिवशी शाळा सुटल्यावर ते प्लगबाईंच्या दारात आले. आत न येता, दुसरीकडे बघत म्हणाले, "समजा, कोणाला घोडदळ न पुसता पुढे न्यायचं असेल, तर?"

तेव्हापासून शाळा सुटली की नकाशांच्या खोलीत, तिथे पडून असलेल्या एका जादा डिजिटल फळ्यावर, शिकवणी चाले. अट एकच, दार बंद. बाई हात मागे बांधून उभ्या, आणि खडूसर एका बोटाने सबंध घोडदळ खिंडीतून नेत. शत्रूला डोंगरामागे लपवत. रसद तोडत. एखाद्या दिवशी तर हरलेल्या राजाला जिंकवून बघत आणि मग ओशाळून परत हरवत. "हे बाहेर कळता कामा नये," ते रोज बजावत. "माझं एक नाव आहे."

गुरुवार उजाडला. साहेब आले. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि छातीशी चामडी वेष्टनातला टॅबलेट. तो त्यांनी असा धरला होता, की कोणी हिसकावून घेईल असे वाटावे. त्यांनी तो उघडला मात्र नाही.

पहिला वर्ग गणिताचा. प्लगबाई निर्धास्त होत्या. त्रिकोण एकदा गरगरला, की साहेबांचा प्रश्न सुटला.

गणिताच्या बाई फळ्यापाशी गेल्या, थांबल्या, आणि सगळ्या वर्गावर केविलवाणी नजर फिरवून म्हणाल्या, "माउस कुठे गेला गं?"

माउस त्यांच्या हातात होता.

"बाई, काल तर तुम्ही..." पुढच्या बाकावरची मुलगी उठून सांगू लागली.

"खाली बस! वही काढ!" गणिताच्या बाई कडाडल्या आणि पुन्हा केविलवाण्या झाल्या. त्यांचे बोट पडद्यावर फिरू लागले. ते आधी सरळ त्रिकोणाच्या चित्रावर गेले, तिथे थांबले, आणि काहीतरी आठवल्यासारखे बाजूला सरकले. मग मात्र लाल बटणावर एकदम अचूक पडले. व्हरांड्याच्या टोकाला, प्लगबाईंच्या रिकाम्या खोलीत, घंटा वाजली.

प्लगबाईंनी ते बोट ओळखले. हेच बोट सोमवारी आपल्या घरी होते.

भाषेच्या वर्गात भाषेचे सर यंत्राशी बोलून बघत होते. "सुरू व्हा," ते आदराने म्हणाले. "कृपया सुरू व्हा." खेळाच्या सरांना आरोग्याचा तास दिला होता. त्यांनी फळ्याची वायर कमरेला गुंडाळून घेतली होती आणि ती तिथे कशी आली हे त्यांना सांगता येत नव्हते. घंटा आता थांबतच नव्हती. शिपाई धावत आला, "बाई, तुमच्या खोलीत कोणीच नाही आणि ती बोंबलतीये! काय करू?"

"प्लग काढ," प्लगबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी असा सल्ला दिला असेल.

त्यांनी सवयीने हात मागे बांधलेलेच होते. साहेबांनी ते पाहिले.

"तुम्ही स्वतः हात का लावत नाही?" त्यांनी विचारले. "तुम्हाला तरी येतं ना?"

"येतं साहेब. पण माझी पद्धत..."

"पद्धत!" साहेब व्हरांड्यात थांबले. "कालपर्यंत आलेख सांगत होता, या बाईंची कोणाला गरज नाही. आज वर्ग सांगतायत, यांचा कोणाला उपयोग नाही. मला तर दोन्हीचा अर्थ एकच दिसतो."

मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. मागे, वर्ग सोडून दारात आलेल्या गणिताच्या बाई पांढऱ्याफटक पडल्या आणि प्लगबाईंच्या कानाशी पुटपुटल्या, "हे माझ्या उत्तरात नव्हतं हो. आलेख वर गेला की झालं, असं मांडलं होतं मी."

"कोणी कोणी केलंय हे?" प्लगबाईंनी हळूच विचारले.

"सगळ्यांनी. खडूसर सोडून. त्यांना सांगायची गरजच नव्हती, त्यांना खरंच येत नाही."

प्लगबाईंच्या तोंडावर आले होते, साहेब, हे सगळे नाटक आहे, यांना सगळे येते. पण ते बोलायचे तर सबंध स्टाफरूम साहेबांसमोर खोटी पडत होती, आणि तीही बाईंच्या मायेपोटी खोटी झालेली. डोळ्यांसमोर शाईच्या बाटल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या.

"चला, पुढे," मोठ्या बाई घाईघाईने म्हणाल्या. "इथे इतिहासाचा तास आहे. इथे काही बघण्यासारखं नाही. हे सर खडूवरच..."

दारात खडूसर उभे होते. त्यांनी व्हरांड्यातला शब्दन्शब्द ऐकला होता. त्यांनी एकदा साहेबांकडे पाहिले, एकदा प्लगबाईंकडे, आणि मग हातातल्या खडूकडे. खडू त्यांनी खिशात ठेवला.

सबंध वर्गाने श्वास रोखला. त्या खडूला कोणी खिशात जाताना पाहिलेच नव्हते.

"आत या, साहेब," खडूसर म्हणाले. त्यांनी कापडी नकाशा गुंडाळून वर केला. मागचा डिजिटल फळा त्यांनी एका बोटाने जागा केला, आणि त्यावर डोंगर उभे राहिले, नदी वाहू लागली, खिंडीच्या तोंडाशी घोडदळ दाटीवाटीने थांबलेले दिसले.

"सर, तुम्हाला येतं?" मागच्या बाकावरून आवाज आला.

"गप्प बस. शत्रू डावीकडून येतोय."

मग खडूसरांनी लढाई लढवली. घोडदळ खिंडीतून सुटले, अर्धे डोंगराला वळसा घालून गेले, अर्धे पुलावर थांबले. शत्रू आत आला आणि सरांनी खिंडीचे तोंड बंद करून टाकले. एका मुलाने उत्साहाच्या भरात बाक वाजवला. दारात दाटीने उभ्या असलेल्या शिक्षकांपैकी खेळाच्या सरांनी नकळत कमरेची वायर सोडली.

"यांना हे कोणी शिकवलं?" साहेबांनी विचारले.

"या बाईंनी," खडूसर म्हणाले. "दोन वर्षं. रोज शाळा सुटल्यावर. दार लावून." वर्गात खसखस पिकली तेव्हा त्यांच्या लक्षात आले. "नकाशांच्या खोलीत!" ते ओरडले. "नकाशे होते तिथे!"

साहेबांचे तिकडे लक्षच नव्हते. ते हळूहळू फळ्याजवळ सरकले होते. टॅबलेट त्यांनी पहिल्यांदाच खाली, बाकावर ठेवला.

"हे घोडदळ," ते हलक्या आवाजात म्हणाले, "कोणालाही सरकवता येतं?"

प्लगबाई पुढे आल्या. हात पाठीमागे. "हात तुमचा, साहेब."

साहेबांनी बोट टेकवले. घोडदळ हलले. साहेबांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की मोठ्या बाईंनी संकोचून खिडकीबाहेर पाहिले. घोडदळ पुलाकडे निघाले, पुलापाशी आले, जरासे उजवीकडे गेले, आणि...

"साहेब, तिकडे नदी आहे!" खडूसर किंचाळले.

उशीर झाला होता. सबंध घोडदळ नदीत गेले. वर्ग बाकांवर उभा राहिला.

"आता?" साहेब घाबरून म्हणाले. त्यांनी प्लगबाईंकडे पाहिले. "तुम्ही काढा ना त्यांना बाहेर!"

प्लगबाईंची नोकरी त्या क्षणी पाण्यात होती, घोडदळाशेजारीच. पुढे होऊन एक बटण दाबले असते तर साहेब खूश झाले असते. त्यांची बोटे पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकली.

"तुम्हाला काय वाटतं, साहेब?" त्या म्हणाल्या. अगदी खेळाच्या सरांना म्हणत तशाच गोड आवाजात. "मागे फिरायचं असेल तर कुठे बघावं?"

साहेबांनी फळा वरून खालपर्यंत न्याहाळला. कपाळावर घाम आला. मग त्यांना कोपऱ्यात मागे वळलेला एक छोटा बाण दिसला. त्यांनी डोळे मिटून तो दाबला.

घोडदळ नदीतून बाहेर आले. कोरडे ठणठणीत.

"मी काढलं!" साहेब ओरडले. "मी काढलं बाहेर!" दुसऱ्या खेपेला त्यांनी ते पुलावरून व्यवस्थित पलीकडे नेले आणि वळून वर्गाकडे पाहिले. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

व्हरांड्यात आल्यावर साहेब पुन्हा साहेब झाले. घसा साफ करून मोठ्या बाईंना म्हणाले, "विचार केला मी. ज्या बाई या सरांना शिकवू शकतात, आणि, अं, इतरही कोणाला, त्या शिकवण्यात कमी नाहीत. मग बाकीच्या शिक्षकांना का येत नाही? अर्थ उघड आहे. तुमच्या शाळेतले शिक्षक फारच कठीण आहेत. या बाईंना इथून हलवणं मला शक्य नाही."

"कठीण?" गणिताच्या बाई मागून फुत्कारल्या. "मी?" खेळाच्या सरांनी त्यांना दंडाला धरून आत ओढले.

साहेब जिन्याशी पोचले, थबकले, आणि प्लगबाईंना एका बाजूला घेऊन टॅबलेटवर हळूच टकटक केली. "हा मला कचेरीने दिलाय. गेल्या वर्षी. शनिवारी येऊ का मी? शाळा सुटल्यावर." इकडेतिकडे बघून ते पुढे म्हणाले, "दार लावून."

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा वाजली. प्लगबाई गणिताच्या वर्गात गेल्या. मुले मैदानावर होती, आणि वर्गात सगळी स्टाफरूम बसली होती. चेहरे अपराधी होते, पण फार नाही. खडूसर जरा दूर, खिडकीपाशी. खडू हातात परत आला होता, पण आता त्यात पूर्वीचा दरारा उरला नव्हता. सकाळपासून तिघांनी त्यांना घोडदळाबद्दल विचारले होते.

"काय बंद पडलं?" प्लगबाईंनी विचारले.

"काही नाही," गणिताच्या बाई म्हणाल्या. "साहेब पुढल्या सत्रात परत येणार ना? आम्हाला तोवर कठीण राहायला हवं. खरं सांगा बाई, काल आमचं कसं झालं?"

प्लगबाईंनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिले. रागवायचे त्यांनी रात्रीच ठरवून ठेवले होते. मग त्यांचे हात आपोआप पाठीमागे गेले.

"माउस हातात धरून माउस शोधणं जरा अती झालं," त्या म्हणाल्या. "सर, यंत्राला कोणी 'कृपया' म्हणत नाही. आणि तुम्हा सगळ्यांचं बोट आधी बरोबर जागी जातं आणि मग सरकतं. तिथेच पकडले जाता. ते आधीच चुकलं पाहिजे. हं, करा परत. हात तुमचा."

त्या संध्याकाळी सासूबाईंनी फोन पुढे केला. "सूनबाई, हा परत रुसला गं."

"आई," प्लगबाई शेजारी बसत म्हणाल्या, "आमच्या शाळेत वीसेक माणसं आहेत. सगळी शिकलेली. पण न येण्याचं सोंग एकालाही धड जमत नाही. तुम्ही इतकं बेमालूम कसं करता, ते जरा शिकवा ना."

सासूबाईंनी सुनेकडे निरखून पाहिले. मग त्यांनी डोक्यावरचा चष्मा काढून नाकावर चढवला, तीन ठिपके पहिल्याच फटक्यात दाबले आणि फोन बाजूला ठेवून दिला.

"आधी चहा टाक," त्या म्हणाल्या. "मग सांगते. आणि तुझे ते हात पाठीमागे नकोत इथे. पुढे घेऊन बस, आणि नीट लक्ष दे."